बाजारभावाशेजारी खर्चाचा रकाना हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनस्टाइन या चार देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यावरची चर्चा बहुतेक घड्याळे आणि चॉकलेट किती स्वस्त होणार, एवढ्याभोवतीच फिरली. १० मार्च २०२४ रोजी दिल्लीत पीयूष गोयल यांच्या बरोबरीने या करारावर स्वित्झर्लंडतर्फे सही करणारे गी पार्मेलाँ हे स्वतः द्राक्षबागायतदार आहेत, हे मात्र फारसे पुढे आले नाही. जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठी, वो कँटनमधल्या ब्युर्सें या गावात त्यांच्या घरची शेती आणि द्राक्षमळा आहे. (कँटन म्हणजे तिथले राज्य.) २००३ ते २०१५ ते संसदेत होते, २०१६ पासून सात जणांच्या मंत्रिमंडळात आहेत आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षही झाले. या करारात भारताने दूध-दुग्धजन्य पदार्थ आणि सोयाबीन सवलतींबाहेर ठेवले. आपल्या शेतीधोरणाला बाध येईल अशी सवलत स्वित्झर्लंडनेही दिली नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना शेतकरी सांभाळायचा होता. फरक इतकाच की त्यांच्याकडे तो सांभाळण्याची सव्वाशे वर्षांची तयारी होती. ती कशी झाली हे ठाणे-रायगड पट्ट्यातल्या वाचकांनी पाहावे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

शेतकऱ्यांच्या पक्षाचा माणूस स्विस मंत्रिमंडळात पहिल्यांदा बसला तो १२ डिसेंबर १९२९ च्या निवडणुकीने. त्यांचे नाव रुडॉल्फ मिंगर. जन्म १३ नोव्हेंबर १८८१, बर्न कँटनमधल्या म्युल्खी गावी, शेतकरी घरात. पुढे बर्न शहराच्या वायव्येला, जवळच असलेल्या श्युप्फेन गावात त्यांनी शेती केली. ना वकिली, ना प्राध्यापकी. त्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले ते शेतकी सहकारी संस्थांच्या बर्नमधल्या संघातून. गावोगावच्या संस्थांसाठी बियाणे, खत, पेंड एकत्र घ्यायची, नमुना तपासून घ्यायची, घाऊक दराने उतरवायची आणि गावात वाटायची, असे या संघाचे काम. या कामात माणसाला दोन गोष्टी आपोआप कळतात: कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, आणि खताच्या गोणीत नेमके किती पैसे जिरतात. मिंगरांचे सगळे राजकारण या दोन गोष्टींवर उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाआधी स्वित्झर्लंडने गव्हाकडे जवळजवळ पाठ फिरवली होती. रेल्वे आणि आगबोटींनी परदेशचा स्वस्त गहू दारात येऊ लागला, तशी तिथल्या शेतकऱ्याने नांगरट सोडून कुरणे केली; दूध आणि चीज हाच धंदा झाला. युद्धात समुद्रमार्ग अडले आणि देशाचे डोळे उघडले. १९१७ च्या शरदात पाव रेशनवर गेला. सरकारने मालाला कमाल दर बांधले. शहरातला कामगार महागाईने चिडलेला, खेड्यातला शेतकरी बांधलेल्या दरामुळे चिडलेला. अशा वेळी २४ नोव्हेंबर १९१७ रोजी बर्नच्या बिअरह्युबेली सभागृहात सहकारी संघाच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि तिथे मिंगरांनी शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष हवा, अशी मांडणी केली. तोवर बर्नचा शेतकरी मत द्यायचा उदारमतवाद्यांना. त्या पक्षात उद्योगपती होते, वकील होते, आयातदारही होते. एकाच घरात गहू विकणारा आणि स्वस्त गहू हवा असणारा. १९१८ मध्ये पक्ष स्थापन झाला.

हा पक्ष तरला त्यामागे भाषणापेक्षा मतपत्रिकेचा वाटा मोठा होता. १३ ऑक्टोबर १९१८ च्या सार्वमतात स्विस जनतेने प्रमाणशीर प्रतिनिधित्व मान्य केले. एका मतदारसंघातून एकच निवडून येण्याऐवजी संपूर्ण कँटनसाठी पक्षांच्या याद्या असतात आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. मतदाराला यादीतले नाव खोडता येते, आवडते नाव दोनदा लिहिता येते, दुसऱ्या पक्षाच्या यादीतले नाव आपल्या यादीत आणताही येते. खेड्यापाड्यांत विखुरलेल्या शेतकऱ्याचे मत पूर्वी वाया जायचे ते आता मोजले जाऊ लागले. दोनदा लिहिण्याच्या सोयीमुळे गावात ओळखला जाणारा शेतकरी शहरी वक्त्याच्या पुढे निघू शकला. १९१९ च्या पहिल्याच निवडणुकीत बर्नच्या निम्म्या जागांच्या आसपास या पक्षाने मजल मारली. मिंगर संसदेत गेले आणि १९२७-२८ मध्ये सभागृहाचे अध्यक्ष झाले.

आता या कथेतला दुसरा माणूस. माझ्या मते मिंगरांइतकाच महत्त्वाचा, आणि आपल्याकडे अगदीच अपरिचित: एर्न्स्ट लाउर. स्विस शेतकरी संघ १८९७ मध्ये स्थापन झाला आणि १८९८ ते १९३९ अशी एक्केचाळीस वर्षे लाउर त्याचे सचिव होते. ब्रुग गावातल्या संघाच्या कचेरीतून त्यांनी १९०१ पासून एक काम नेटाने चालवले. स्वेच्छेने तयार असलेल्या शेतकऱ्यांकडून शेतीची वही लिहून घ्यायची. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मालमत्तेची मोजदाद करायची: गुरे किती, गवत किती, अवजारांची उरलेली किंमत किती. मध्ये रोजची जमा-नावे. घरी खाल्लेले दूध आणि बटाटेसुद्धा जमेत धरायचे, आणि घरच्या माणसाने शेतात घालवलेला दिवस खर्चात. वर्षअखेरीस उत्पन्नातून सगळा खर्च आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज वजा करायचे. उरलेल्या रकमेला घरच्या माणसांच्या कामाच्या दिवसांनी भागायचे. येईल तो शेतकऱ्याच्या दिवसाचा खरा रोज. तो गवंड्याच्या किंवा गिरणीकामगाराच्या रोजाशेजारी ठेवला की पुढचे काम आकडाच करतो.

या वह्यांत दोष होतेच. वही लिहायला पुढे येणारा शेतकरी साधारणपणे जास्त शिकलेला आणि मोठ्या शेताचा असायचा, म्हणून सरासरी वरच्या अंगाला झुकायची. टीकाकार ते बोलूनही दाखवत. मजुरीचे दिवस आठवड्याने आठवून लिहिले तर चुकतात. घरच्या बाईचे काम घरात किती आणि गोठ्यात किती, ही वाटणी तर कायम वादाची. तरीही सदोष वही कोऱ्या पाटीपेक्षा कैक पटींनी उपयोगी असते. १९५१ च्या स्विस शेती कायद्यात शेतमालाचे दर असे असावेत की नीट चालवलेल्या, रास्त किमतीला घेतलेल्या शेताचा सरासरी उत्पादनखर्च काही वर्षांच्या सरासरीने भरून निघावा, असे तत्त्व आले. पन्नास वर्षे वह्या लिहिल्या नसत्या तर ‘सरासरी उत्पादनखर्च’ या शब्दांना काही अर्थच राहिला नसता.

गव्हाचा तोडगा पाहण्यासारखा आहे. युद्धकाळात धान्य आयातीची मक्तेदारी सरकारकडे होती. ती कायम करावी का, यावर १९२६ मध्ये मत घेतले तेव्हा जनतेने नाही म्हटले. मग ३ मार्च १९२९ रोजी राज्यघटनेचे नवे कलम मंजूर झाले. मक्तेदारी नाही, पण सरकारने पावाच्या धान्याचा राखीव साठा ठेवायचा. देशात पिकलेला, दळण्याजोगा चांगला गहू शेतकऱ्याला परवडेल अशा दराने सरकारने घ्यायचा. गिरणीवाल्यांनी तो सरकारकडून बाजारभावाने उचलायचा. मधला फरक तिजोरीतून. शिवाय जो शेतकरी स्वतः पिकवलेला गहू घरच्यासाठी दळून आणेल त्यालाही दळणामागे अनुदान. गहू सरकारी गोदामात गेलाच पाहिजे अशी सक्ती राहिली नाही, त्यामुळे डोंगरातला दोन पोती पिकवणाराही यात आला. ‘दळण्याजोगा’ ही अट कलमातच असल्याने भिजका, मोडाचा माल सरकारच्या गळ्यात मारायची सोय उरली नाही. आपल्याकडच्या धान खरेदी केंद्रांवर ओलाव्यावरून होणारी दरवर्षीची हुज्जत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या एका शब्दाचे मोल कळेल.

मिंगर मंत्रिमंडळात गेले ते शेतीमंत्री म्हणून, असा समज होऊ शकतो. तसे झाले नाही. त्यांच्याकडे १९३० ते १९४० संरक्षण खाते होते. शेजारी जर्मनीत हिटलर आलेला आणि स्विस लष्कर जुन्या सामग्रीवर उभे. १९३६ मध्ये त्यांनी जनतेकडून संरक्षण कर्ज मागितले: २३ कोटी ५० लाख फ्रँक. जमले ३० कोटींच्या वर. त्यांची बर्नच्या खेड्यातली बोली आणि ठसठशीत बोलणे यांवरून देशभर विनोद सांगितले जात, पण तेच बोलणे खेडुतांना खिशात हात घालायला लावून गेले. १९३५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष होते. त्याच काळात आपल्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून जमिनी ओसाड ठेवल्या होत्या. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला, आणि डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. तिकडे जमिनीचा मालक दरासाठी भांडत होता, इकडे कूळ आधी पायाखालच्या जमिनीसाठी. ही तफावत विसरून तुलना करणे अन्यायाचे होईल.

१९४० च्या अखेरीस मिंगर पायउतार झाले आणि श्युप्फेनला आपल्या शेतावर परतले. २३ ऑगस्ट १९५५ रोजी तिथेच वारले.

जमिनीबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण नवी मुंबई जमिनीवरूनच घडली. दुसऱ्या महायुद्धात फ्रीडरिख ट्राउगोट वालेन या शेतीतज्ज्ञाच्या योजनेने स्वित्झर्लंडमध्ये बागा आणि मैदानांतही बटाटे लावले गेले आणि नांगरटीखालचे क्षेत्र जवळपास दुप्पट झाले. संकटात देशाला जेवायला किती जमीन लागेल, हा प्रश्न तिथून पुढे मागे पडला नाही. १९९२ मध्ये उत्तर ठरले: उत्तम प्रतीची किमान ४,३८,४६० हेक्टर पीकजमीन राखायची. प्रत्येक कँटनच्या वाट्याला किती, ते नेमून दिले. इमारत बांधायची तर कँटनने आपला आकडा कमी होऊ न देण्याची जबाबदारी घ्यायची. १९९४ पासून अमलात असलेल्या शेतजमीन कायद्याने आणखी एक कुलूप लावले. शेतजमीन विकत घ्यायची तर ती स्वतः कसणाराच असला पाहिजे. किंमत आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त असेल तर परवानगी नाकारली जाते. भावंडांत जो स्वतः शेती कसणार त्याला शेत बाजारभावाने घ्यावे लागत नाही. जमीन पिकवून मिळणाऱ्या उत्पन्नावर काढलेल्या मूल्याने मिळते. नाहीतर बहिणीचा-भावाचा वाटा चुकता करण्यातच शेत विकावे लागते, हे त्यांनी ओळखले.

महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आडकाठी करते. पण जमिनीच्या किमतीवर आणि राखायच्या क्षेत्रावर आपल्याकडे अशी मर्यादा नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावे नव्या शहरासाठी निश्चित झाली. भातखाचरे, मिठागरे, खारभूमी सगळे त्यात आले. या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व उभे राहिले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत. दि. बां.नी जे मिळवले ते फार मोठे होते, हे इथल्या प्रत्येक गावठाणात दिसते. पण ते जमीन गेल्यानंतरचे मोल होते. पिकणाऱ्या जमिनीचे उत्पन्न किती, तिच्यावर किती माणसांचे किती दिवस निघत होते, याची गावागावची वही तेव्हा हाताशी असती तर वाटाघाटीच्या टेबलावर आणखी एक शस्त्र असते, असे मला मनापासून वाटते.

स्विस मार्ग निर्दोष होता असेही नाही. हमी दर मिळाले तसे दूध वाढत गेले, लोण्याचे साठे साचले. १९७७ मध्ये दुधाला कोटा लावावा लागला, तो २००९ मध्ये उठला. महागाई सोसणारा ग्राहक शेवटी मतपेटीतून बोलला. १९८६ मध्ये साखरेचा प्रस्ताव पडला, १२ मार्च १९९५ रोजी शेतीचे तीनही प्रस्ताव एकाच दिवशी पडले. पुढच्या वर्षी, ९ जून १९९६ ला, नवे कलम ७७ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाले. दर वाढवून मदत करण्याऐवजी थेट अनुदान, पण अटी पाळणाऱ्यालाच. शेताच्या सात टक्के जागेवर जैवविविधता राखायची, पिकांचा फेरपालट करायचा, खताचा जमा-खर्च जुळवून दाखवायचा, शेतीचे शिक्षण घेतलेले असायचे, वय ६५ च्या आत. आज यावर वर्षाला सुमारे २८० कोटी फ्रँक खर्च होतात. एवढे करूनही १९०५ च्या गणनेत सुमारे २ लाख ४३ हजार असलेली शेते आज ५० हजारांच्या आत आली आहेत. शेती टिकली, शेतकरी कमी झाले. हे दुःख त्यांनाही आहे.

भाजीच्या आयातीतही त्यांची एक साधी पद्धत आहे. टोमॅटोसाठी १ मे ते २० ऑक्टोबर हा राखीव काळ. या काळात स्थानिक माल किती आहे ते पाहून मोजकीच आयात सोडतात. बाकी महिने आयात मोकळी. तारखा आधीच छापलेल्या, म्हणून रोप लावणाऱ्याला आणि आयात करणाऱ्यालाही अंदाज येतो. आपल्याकडे कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये ती उठून शुल्क परत आले, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. एवढ्या काळात नियम दोनदा बदलला तर चाळ कधी फोडायची, हे कोणी ठरवायचे?

आता मुद्द्याची गोष्ट. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातून शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी पाहा. वर गाळा आणि गाडीचा नंबर, खाली पिशव्या, वजन, दर, रक्कम; मग हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे वजा; शेवटी हातात येणारा आकडा. जुलै २०१६ पासून अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असल्याने तो रकाना तिथे नसावा. दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळीएवढ्या पातळ कागदावर शेतकऱ्याच्या बाजूचा निम्मा हिशेब मावतो. उरलेला निम्मा, म्हणजे खर्चाचा, कुठेच लिहिलेला नसतो.

भाताचे उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या खरिपात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्यामागे धरलेला खर्च १,५७९ रुपये. यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याज येत नाही. ते धरून निघणाऱ्या खर्चाला सी-२ म्हणतात. हमीभाव खर्चाच्या दीडपट असावा असे ठरले आहे; ती दीडपट कोणत्या खर्चाची धरायची, यावरच सारा वाद आहे. शिवाय हा आकडा देशातल्या राज्यांची भारित सरासरी असतो. उरण-पनवेलच्या खारभूमीतले भात त्या सरासरीत कुठे दिसणार? इथे बांध फुटून किंवा उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप बिघडून भरतीचे पाणी शिरले की पुढचे पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन काढण्यात जातात. बांधावर माती टाकायला गाव एकत्र येते ते दिवस कोणत्या खर्चात धरले जातात?

ही वही अवघड नाही. एका शेताला एक वही, हंगाम मे महिन्याच्या राबापासून (पालापाचोळा जाळून रोपांसाठी भाजलेल्या जागेपासून) मोजायचा. राबाला पालापाचोळा आणि शेण आणायचे दिवस, बियाण्याचे किलो, चिखलणीला पॉवर टिलरचे तास, लावणीचे मजूर आणि त्यांचा रोज, बेणणी, कापणी, मळणी, गाडीभाडे. युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या गोळ्या) घातल्या असतील तर गुंठ्याला ६२५ नग, म्हणजे पावणेदोन किलो, या हिशेबाने नोंद तपासून पाहता येते. घरच्यांचे दिवस वेगळ्या रकान्यात. घरी खायला ठेवलेले भात, गुरांना घातलेला पेंढा जमेच्या बाजूला. ते विसरले तर तोटा खोटाच फुगतो. बांध-उघाडीचे काम स्वतंत्र पानावर. आणि नोंद त्याच संध्याकाळी.

आपल्या दैनिकात वाशी बाजार समितीचे भाव रोज छापून येतात. माझी विनंती आहे की आठवड्यातून एकदा त्या भावाशेजारी खर्चाचा एक रकाना द्यावा. सुरुवात फक्त भातापासून करावी, तीन ठिकाणांहून: मुरबाडची वरकस डोंगरउताराची जमीन, पनवेलची खाचरे आणि उरणची खार. प्रत्येक ठिकाणी लहान आणि मोठे, दोन्ही प्रकारचे शेतकरी घ्यावेत, नाहीतर लाउर यांच्या वह्यांची चूक आपणही करू. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राकडून आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडून रकान्यांचा नमुना तपासून घेता येईल. राब भाजायला अजून अवकाश आहे, तोवर कोऱ्या वह्या गावात पोचायला हव्यात.

आपला,
एक वाचक, तुर्भे, नवी मुंबई